ओजेटीचे विद्यार्थी घेताना: छोट्या उद्योगांसाठी आणि संस्थांसाठी पायरीवार मार्गदर्शन

दुसरं सत्र सुरू झालं की कॉलेजांतून फोन येऊ लागतात. "सर, एमकॉमची चार मुलं आहेत, ओजेटीला घ्याल का? 120 तासांचाच प्रश्न आहे." ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायचं प्रशिक्षण. समोरून प्राध्यापक बोलत असतात, नाही म्हणवत नाही. मग सोमवारी चार मुलं दारात उभी राहतात आणि त्यांना बसवायचं कुठे, इथून विचार सुरू होतो. तो विचार फोनवर हो म्हणण्याआधी कसा करायचा, ते इथे सांगितलं आहे. डेअरी, सीएचं ऑफिस, एमआयडीसीतला वीस माणसांचा कारखाना, प्रकाशनसंस्था, तपासणी प्रयोगशाळा, सामाजिक संस्था अशा ठिकाणांसाठी हा लेख आहे. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळा विभाग असतो.

आधी हे नेमकं काय आहे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्रातले अभ्यासक्रम बदलले. पदव्युत्तर पदवीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्प असा 4 क्रेडिटचा (श्रेयांकांचा) भाग आला. पदवीच्या आराखड्यातही तिसऱ्या वर्षी ओजेटी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशोबाने इंटर्नशिपचं 1 क्रेडिट म्हणजे 30 तास; म्हणून 4 क्रेडिटचे 120 तास. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात मात्र 1 क्रेडिटला 40 ते 45 तास धरलेले आहेत. त्यामुळे अभियांत्रिकीची मुलगी आणि एमएस्सीचा मुलगा एकाच दिवशी आले आणि दोघांचीही 4 क्रेडिटं असली, तरी तास सारखे नसतील. कॉलेजकडून लेखी आकडा मागून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

यात तुमची भूमिका परीक्षकाची असते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. हे क्रेडिट मुलाच्या शैक्षणिक खात्यात, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतं आणि पदवीसाठी मोजलं जातं. कॉलेज ते देतं, पण तास भरले आणि काम झालं याचा पुरावा फक्त तुमच्या सहीतून येतो. ज्या दिवशी मूल आलंच नाही त्या दिवसापुढे सही करणं म्हणजे पेपर न देता मार्क देणं.

दोन गोष्टींशी याची गल्लत करू नका. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 खालचे अ‍ॅप्रेंटिस वेगळे. तिथे नोंदणीकृत करार असतो, ठरलेलं विद्यावेतन द्यावं लागतं आणि 30 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ओजेटीची मुलं त्या टक्केवारीत धरता येत नाहीत. आणि राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना शिक्षण संपवलेल्या तरुणांसाठी आहे. शिकत असलेल्या मुलांचं विद्यावेतन तिच्यातून निघणार नाही.

पायरी 1: हो म्हणण्याआधी कॉलेजला विचारायचे प्रश्न

फोन आला की म्हणा, "मॅडम, ईमेल पाठवा, दोन दिवसांत कळवते." आणि त्या ईमेलमध्ये हे मागा:

– एकूण तास किती, आणि ते कोणत्या तारखेच्या आत संपायला हवेत?
– सलग यायचं आहे की तासिका सांभाळून आठवड्यातले काही दिवस?
– कॉलेजकडून गाईड कोण, त्यांचा थेट नंबर काय, आणि ते प्रत्यक्ष भेटीला येणार का?
– लॉगबुक, हजेरीपत्रक आणि मूल्यमापनाचा नमुना कॉलेजचा आहे की आम्ही करायचा?
– गुणांपैकी किती आमच्या हातात? (बहुतेक विद्यापीठांत 1 क्रेडिटला 25 म्हणजे 4 क्रेडिटला 100 गुण असतात, पण त्यातली संस्थेची वाटणी विषयागणिक बदलते.)
– विद्यार्थ्यांचा अपघात विमा आहे का, आणि तो कॉलेजच्या आवाराबाहेर चालतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हमखास "बघून सांगतो" असं येतं. ते येईपर्यंत संमतीपत्र देऊ नका.

किती मुलं घ्यायची? शिकवायला एक माणूस असेल तर दोन. तीनपर्यंत ओढून नेता येतं. चौथ्यापासून मुलं एकमेकांना शिकवतात आणि पहिल्याची चूक चौघांच्या अहवालात दिसते. एका मुलामागे शिकवणाऱ्याचा पहिल्या आठवड्यात रोज तासभर आणि पुढे रोज वीस मिनिटं जातात, शिवाय शनिवारी अर्धा तास. चार आठवड्यांत हे साधारण पंधरा तास होतात. एवढा वेळ ज्याच्याकडे नाही त्याच्या गळ्यात मूल बांधू नका, मग तो कितीही हुशार असो. मालकाने स्वतः शिकवायचं ठरवलं की बहुधा दुसऱ्या दिवशीच बँकेत किंवा साइटवर जायची वेळ येते. म्हणून नाव लिहिताना दोन लिहा, एक मुख्य आणि तो रजेवर असताना सही करणारा दुसरा.

पायरी 2: काम शोधा

सगळ्यात जास्त डोकं इथे घाला. काम पक्कं असेल तर बाकीच्या चुका निस्तरता येतात. काम नसेल तर उत्तम लॉगबुकातही रोज "ऑफिसच्या कामात मदत केली" एवढंच लिहिलेलं सापडतं.

ओजेटीच्या कामाला चार कसोट्या लावा. ते साठ ते सत्तर तासांत पुरं व्हायला हवं. बाकीचे तास शिकण्यात आणि अहवालात जातात. त्यात चूक झाली तर ती तुमच्या ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधी सापडायला हवी. मुलाने कॉलेजात शिकलेलं काहीतरी त्यात लागायला हवं. आणि शेवटी हातात ठेवता येईल अशी एखादी वस्तू उरायला हवी: तक्ता, तपासलेली फाइल, सूची, मोजमापांची नोंद.

अशी कामं प्रत्येक ठिकाणी पडलेली असतात. "कधीतरी करायला हवं" असं म्हणत दोन वर्षं पुढे ढकललेलं काम आठवा. बहुतेक वेळा तेच योग्य असतं.

दूध शीतकरण केंद्राचं उदाहरण घेऊ. एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. कोणत्या संकलन केंद्राचं दूध लवकर खराब होतं याची तक्रार रोजची, नोंद मात्र कुणाकडेच नाही. सहा केंद्रं निवडा, बारा दिवस रोज प्रत्येकाचा एक नमुना, म्हणजे 72 नमुने. प्रत्येकावर मिथिलीन ब्लूची चाचणी: 10 मिली दूध, 1 मिली रंगद्रावण, 37 अंशांचं पाणी आणि निळा रंग जायला लागलेला वेळ. रंग जितका लवकर जाईल तितके जंतू जास्त. सोबत कॅन कधी आणि कशाने धुतले, दूध निघाल्यापासून केंद्रावर यायला किती वेळ लागला, याचे दोन रकाने. बाराव्या दिवशी कोणत्या गावाच्या कॅनमध्ये गोची आहे ते तक्ता सांगतो. मुलीच्या विषयाचं काम होतं, तुमचं दूध वाचतं. यात एक अडचण येते ती वेळेची. दूध सकाळी येतं, म्हणून तिची वेळ सात ते एक ठेवावी लागेल, आणि सातला तिच्या गावाहून एसटी आहे का ते आधी विचारावं लागेल.

सीएच्या ऑफिसात एमकॉमचा विद्यार्थी आला तर खरेदीची नोंदवही आणि जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणारं पत्रक) यांचा ताळा घालणं हे चांगलं काम. कोणत्या पुरवठादाराने बिल चढवलंच नाही, कुणाचा जीएसटी क्रमांक चुकला, कुठे रकमेत फरक आहे, अशी यादी तो तयार करतो. फोन करून पाठपुरावा तुमचा माणूस करतो. पण कॅलेंडर बघा. 2बी महिन्याच्या 14 तारखेला तयार होतं आणि दरमहा विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-3बीची, म्हणजे कर भरायच्या विवरणाची, मुदत 20 असते. मूल 15 तारखेला पहिल्यांदा आलं तर सगळ्यांचं डोकं तापलेलं असतं, त्याला कुणीच काही शिकवत नाही. 1 तारखेच्या आसपास बोलवा, ताळा आधीच संपलेल्या महिन्याच्या फाइलवर सराव द्या आणि नव्या 2बीचा ताळा 14 नंतर त्याच्या हाती द्या. मार्चअखेरीस नवीन मूल घेऊच नका.

प्रकाशनसंस्थेत किंवा छापखान्यात एमए मराठीची मुलं नेली की त्यांना सरळ प्रुफं देतात. नवख्या डोळ्यांना तिसऱ्या पानानंतर चुका दिसेनाशा होतात. त्यापेक्षा श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणल्यावर बिघडलेले रफार, तुटलेली जोडाक्षरं, जागा बदललेल्या वेलांट्या शोधून काढण्याचं काम द्या. एकाच प्रकारची चूक पुन्हा पुन्हा येते, तिचा नमुना सापडतो, आणि चुकांची वर्गवारी हा अहवालाचा विषय होतो. दुसरं काम नामसूचीचं. तीनशे पानांच्या पुस्तकाची सूची एका मुलाला साठ तासांत जमते, अट एवढीच की पानक्रमांक आधी पक्के झालेले असावेत. पानं हलली की सगळं मुसळ केरात.

कारखान्यात वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी स्टोअर ही जागा. दीडशे नग निवडा. बिन कार्डवरचा (रॅकपाशी ठेवलेल्या मालाच्या नोंदपत्रावरचा) आकडा, संगणकातला आकडा आणि रॅकमधला प्रत्यक्ष माल, हे तीन रकाने. फरक कुठे पडतो आणि का (माल आधी दिला, चिठ्ठी नंतर फाडली, परत आलेला माल नोंदलाच नाही) हे शोधणं हे खरं काम. मोजणी शनिवारी दुपारनंतर ठेवा, म्हणजे स्टोअरकीपर अंगावर येत नाही. त्याला आधी विश्वासात घ्या. नाहीतर त्याला वाटतं की मुलं त्याची चोरी पकडायला आणली आहेत.

आता काय देऊ नये. सोशल मीडियावर फॉलोअर वाढवणं, अनोळखी लोकांना विक्रीचे फोन, झेरॉक्स, बँकेच्या फेऱ्या. डेटा एंट्री एकूण तासांच्या चौथ्या हिश्शापर्यंत चालेल, त्यापुढे ती फुकटची मजुरी होते. नेहमीचा कामगार रजेवर गेला म्हणून त्याच्या मशीनवर मुलाला उभं करणं तर कायद्यानेही अंगाशी येऊ शकतं. अपघात झाला तर "तो शिकायला आला होता" हे पटवून देणं अवघड जातं.

काम ठरलं की अर्ध्या पानावर लिहून काढा: काय करायचं, कशाच्या आधारे, शेवटी काय द्यायचं, कोण तपासणार. हा कागद कॉलेजच्या गाईडला पाठवा आणि "विषयाला चालतं" असं ईमेलवर घ्या. पुढे तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक "याचा तुमच्या विषयाशी काय संबंध?" असं विचारतात, तेव्हा मुलाच्या कामी हेच येतं.

पायरी 3: तासांचा हिशोब

दहा ते पाच, मध्ये अर्धा तास जेवण. म्हणजे दिवसाचे साडेसहा तास. जेवणाची सुट्टी मोजायची नाही. 18 दिवसांत 117 होतात, तीन तास कमी पडतात. 19 दिवसांत 123.5. तरीही वेळापत्रक 21 दिवसांचं आखा, कारण मूल एकदा आजारी पडतं आणि एकदा त्याला कॉलेजात अंतर्गत परीक्षेला जावं लागतं.

तासिका सांभाळून येणाऱ्यांसाठी आठवड्यातले तीन दिवस, दुपारी चार-चार तास, असे दहा आठवडे. कागदावर सोपं दिसतं. पण दुसऱ्या सत्रात प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, महाशिवरात्र, धुळवड, गुढीपाडवा, 14 एप्रिल, 1 मे या सुट्ट्या येतात, शिवाय तुमच्या भागातली जत्रा. बारा आठवडे धरा. निवड तुमच्या हातात असेल तर सलग पद्धत घ्या. एक दिवसाआड येणाऱ्या मुलाचा पहिला अर्धा तास परवा काय केलं होतं ते आठवण्यात जातो.

120 तासांची वाटणी साधारण अशी बसते: ओळख आणि सुरक्षा 12, माहीतगार माणसासोबत बसून बघणं 18, ठरलेलं काम 66, अहवाल 12 आणि उरलेले 12 चुका दुरुस्त करायला व शेवटच्या सादरीकरणाला. दुरुस्तीचे तास ठेवायला लोक विसरतात आणि मग अर्धवट तक्ता तुमच्या गळ्यात पडतो.

रात्रपाळीत बोलावू नका. रविवारी बोलावलंत तर त्या दिवशी सही करणारा माणूस हजर असायलाच हवा. घरून काम करायचं असेल तर कॉलेजची लेखी परवानगी आधी घ्या; काही ठिकाणी ते तास धरतच नाहीत.

पायरी 4: कागदपत्रं

क्रम असा: कॉलेजचं विनंतीपत्र, तुमचं संमतीपत्र, विद्यार्थ्याचं हमीपत्र. एकाच कॉलेजकडून दरवर्षी मुलं येणार असतील तर सामंजस्य करार करा, एरवी तीन पत्रं पुरतात. करारावर सही करण्याआधी वाचा. "सर्व विद्यार्थ्यांना नोकरीत प्राधान्य" किंवा "दरवर्षी किमान 20 विद्यार्थी" अशी वाक्यं त्यात सहज घुसलेली असतात. खोडून टाका, कॉलेजला त्याचं काही वाटत नाही.

संमतीपत्रात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव कॉलेजच्या ओळखपत्रावर आहे तसंच, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), विषय, तारखा, वेळ, मार्गदर्शकाचं नाव, विद्यावेतन असेल तर रक्कम आणि नसेल तर "विद्यावेतन देय नाही" हे स्पष्ट. नावाचं स्पेलिंग इथे चुकलं तर तीच चूक प्रमाणपत्रात उतरते आणि निकालाच्या वेळी मूल धावपळ करत परत येतं.

हमीपत्रात गोपनीयतेचं एक कलम पुरे: ग्राहकांची नावं, दर, रेखाचित्रं आणि पासवर्ड बाहेर न्यायचे नाहीत, आणि अहवाल जमा करण्याआधी संस्थेला दाखवायचा. मूळ गुणपत्रिका किंवा आधार कार्ड ठेवून घेऊ नका. अनामत रक्कम, बाँड, "ट्रेनिंग फी" असलं काही मागू नका. फी घेऊन प्रमाणपत्र वाटणाऱ्या जागा आहेत, कॉलेजांना त्या माहीत असतात आणि त्या यादीत तुमचं नाव जायला एक पावती पुरते.

पायरी 5: पैसा, विमा, सुरक्षितता

क्रेडिटसाठीच्या इंटर्नशिपमध्ये विद्यावेतनाची सक्ती नाही. तरी जाण्यायेण्याचा खर्च आणि दुपारचा डबा एवढं द्या. एसटीचा सवलतीचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज या मार्गाचा असतो. तुमचा कारखाना उलट्या दिशेला असेल तर मुलाला रोज वेगळं तिकीट काढावं लागतं, आणि महिनाभरात ते पैसे घरी मागणं त्याला जड जातं. गैरहजेरीचं हे कारण मुलं कधीच सांगत नाहीत.

विम्यासाठी कॉलेजच्या समूह विम्याची प्रत मागा. शिवाय मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यावरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून घ्या: वर्षाला 20 रुपये, 18 ते 70 वयापर्यंत, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख रुपये. मुदत 1 जून ते 31 मे असते, म्हणून मेमध्ये येणाऱ्या मुलाचं नूतनीकरण तपासा. खात्यात शिल्लक नसली की हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडलेला असतो. हा विमा उपचाराचा खर्च देत नाही. किरकोळ दुखापतीचा खर्च तुम्हीच करायचा, हे मनाशी धरून ठेवा.

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा ओजेटीच्या मुलींनाही लागू आहे. त्यातल्या कर्मचारी या व्याख्येत प्रशिक्षणार्थी येतात, मग वेतन असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. समितीतल्या बाईंचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी मुलींना द्या. कॉलेजच्या गाईड बाईंचाही.

धोक्याच्या कामांची यादी आधी करा. प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीने फॅट काढताना बाटलीत 10 मिली तीव्र गंधकाम्ल जातं. कॉलेजात मुलांनी ते एकदा केलेलं असतं, तुमच्याकडे दिवसाला चाळीस बाटल्या असतात आणि घाईत बूच उडतं. गॉगल, एप्रन, हातमोजे असल्याशिवाय आणि शेजारी माणूस असल्याशिवाय नाही. वर्कशॉपमध्ये सैल ओढणी, मोकळे केस, हातातलं कडं, चप्पल, सगळं दारातच थांबतं. सुरक्षेचे बूट पहिल्या दिवशी लागतात, म्हणून मापं आठवडाभर आधी मागवा. दुसऱ्याचे मोठे बूट घालून चालणारं मूल अडखळून पडतं.

पायरी 6: पहिला दिवस

बसायला खुर्ची, टेबल आणि संगणक लागणार असेल तर वेगळं लॉगिन. मालकाच्या टॅली खात्यावर बसवू नका. फक्त बघता येईल असा वापरकर्ता तयार करा किंवा कंपनीची बॅकअप प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून द्या. सरावात एखादं व्हाउचर पुसलं गेलं तर खऱ्या खात्याला धक्का लागत नाही.

माणसांची ओळख करून देताना मूल कशासाठी आलं आहे आणि किती दिवस आहे, हे सगळ्यांना सांगा. विशेषतः चहा आणि झेरॉक्स सांगायची सवय असलेल्यांना. मग अर्ध्या पानाचा कामाचा कागद समोर ठेवून वाचून दाखवा आणि मुलाला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. "समजलं का?" याला सगळी मुलं मान डोलावतात.

मोबाईल, यायची वेळ, कुणाला काय हाक मारायची, जेवण कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे दहा मिनिटांत.

पायरी 7: लॉगबुक

रोज निघताना पाच ओळी: तारीख, आला-गेला वेळ, काय केलं, काय नवीन कळलं, काय अडलं. शेजारी तुमची सही. त्याच दिवशी. शेवटच्या शनिवारी एका पेनने, एका बैठकीत लिहिलेलं लॉगबुक परीक्षकाला लगेच ओळखू येतं: अक्षर सारखं, शाई सारखी, आणि एखाद्या रविवारीही "स्टॉक तपासला" असं लिहिलेलं.

"डेटा एंट्री केली" ही ओळ परत करा. "पुरवठादारांची 40 बिलं तपासली, 6 बिलांत जीएसटी क्रमांक नव्हता, त्यांची यादी वेगळी काढली" असं लिहून आणायला सांगा. तीन-चार दिवस असं परत केलं की पाचव्या दिवशी आपोआप नीट येतं, आणि अहवालाचा निम्मा मजकूर यातूनच तयार होतो.

शनिवारचा अर्धा तास मोडू नका. झालेलं काम ठरलेल्या कागदाशी जुळवून बघा. दुसऱ्या शनिवारपर्यंत काम निम्म्यावर आलं नसेल तर तिथेच व्याप्ती कमी करा: सहाऐवजी चार केंद्रं, दीडशेऐवजी शंभर नग. आणि तसा ईमेल गाईडला पाठवा.

जिथे गाडी अडते

मूल न सांगता येईनासं झालं तर दुसऱ्याच दिवशी गाईडला कळवा. आठवडाभर वाट बघितली की भरून काढायला दिवसच उरत नाहीत. मध्येच सोडून गेलं तर जेवढे तास भरले तेवढ्याचंच पत्र द्या.

"सर, फक्त सर्टिफिकेट द्या ना, मी क्लासला जातो." हे ऐकायला मिळणार. ओळखीतल्याचा मुलगा असला की जास्तच. नाही म्हणायला जड जात असेल तर कॉलेजवर ढकला: हजेरीपत्रक त्यांना दर आठवड्याला ईमेलने जातं, माझ्या हातात काही नाही. आणि ते खरंच दर आठवड्याला पाठवत जा.

तुमचा माणूस शिकवत नसेल तर बहुधा त्याला भीती असते की हे पोरगं आपली जागा घेईल, किंवा त्याच्या रोजच्या कामातून वेळ दिलेलाच नसतो. दुसरं कारण जास्त वेळा खरं असतं. त्या महिन्यात त्याचं एखादं काम दुसऱ्याकडे द्या.

पायरी 8: अहवाल, गुण, प्रमाणपत्र

अहवालाचा कच्चा मसुदा शेवटच्या दिवसाच्या किमान चार दिवस आधी मागा. तुम्ही तपासायचं ते गोपनीयता आणि आकडे एवढंच. भाषा आणि मांडणी गाईडचं काम. ग्राहकांच्या नावांच्या जागी "ग्राहक अ, ब" असं करून घ्या. संस्थेची माहिती इंटरनेटवरून उचलून दहा पानं भरलेली असतील तर ती एका पानावर आणायला सांगा.

गुण देताना सगळ्यांना 50 पैकी 48 देऊ नका. तसे गुण बघून गाईड तुमचा कागद बाजूला ठेवतात. वेळ पाळणं, कामाची अचूकता, विचारायची तयारी, लोकांशी वागणं, ठरलेलं काम पुरं होणं या पाच गोष्टींना वेगवेगळे गुण द्या आणि प्रत्येकापुढे पुराव्याची एक ओळ लिहा: "72 पैकी 69 नमुन्यांच्या नोंदी पूर्ण, 3 नमुन्यांची वेळ नोंदवायची राहिली." मुलालाही ते दाखवा, त्याच्यासमोर बोलून.

प्रमाणपत्र लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह. मजकूर साधा ठेवा: "प्रमाणित करण्यात येते की, श्री./कु. ____ (पीआरएन ____), एमकॉम भाग 1, ____ महाविद्यालय, यांनी दि. ____ ते दि. ____ या कालावधीत आमच्या संस्थेत एकूण 123.5 तास उपस्थित राहून ____ हे काम ____ यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण केले." खाली सही, सही करणाऱ्याचं नाव, पद, शिक्का. "एक महिना" असं लिहू नका, तासच लिहा. कॉलेज तास शोधतं. हा आकडा हजेरीपत्रकाच्या बेरजेशी जुळला पाहिजे, नाहीतर कागद परत येतो. "अनुभव प्रमाणपत्र" हा शब्द टाळा, त्यातून नोकरी केल्याचा अर्थ निघतो.

शेवटच्या दिवसापासून आठवड्याच्या आत ते हातात द्या. कॉलेजला गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर ठरावीक तारखेपर्यंतच चढवता येतात. तुमचे साहेब परगावी गेले म्हणून सही राहिली, तर मुलाच्या निकालात त्या विषयापुढे गैरहजर असं दिसू शकतं.

विद्यार्थ्याचं लॉगिन, मेलचा प्रवेश, गेटपास त्याच दिवशी बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही काढा. ग्राहकांचे दर तिथेच फिरत असतात. संमतीपत्र, हजेरी, मूल्यमापन आणि प्रमाणपत्राच्या प्रती एका फाइलमध्ये तीन-चार वर्षं ठेवा, कारण पुढे नोकरी देणारी कंपनी पडताळणीसाठी फोन करते तेव्हा त्या मुलाचं नाव कुणालाच आठवत नसतं. आणि पुढच्या वर्षी हवी असतील तर कॉलेजच्या फोनची वाट न बघता दिवाळीच्या सुट्टीआधी विभागप्रमुखांना स्वतः पत्र लिहा: किती मुलं, कोणत्या विषयाची, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखांना.